ती मीटरनं गेली नाही

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. थंडीचे दिवस, सांजची वेळ. वावरातून मी हिरव्या शेंगांची थैली आणली होती. दोघं ओट्यावर बसलो. तिच्या परातीत दाण्यांचा ढीग होत होता आणि माझ्या बोटांतून निम्मे दाणे खाली सांडत होते. ते कोंबडी टिपत होती. "कोंबडीसाठी सोलून राह्यले काय?" एवढं ती म्हणाली. मग हात पदराला पुसून तिनं मोबाइल उचलला आणि गावच्या ग्रुपवर आलेली बातमी मला वाचून दाखवली.

हे रोजचंच होतं. ती सातवी शिकलेली. मला दुसरीतून काढून गुरांमागं धाडलं. अक्षरं ओळखतो, पण एक ओळ लावेस्तोवर बातमी शिळी होते. हे लिहितो आहे तेही तसंच, एकेक अक्षर लावत. म्हणून लांबण लावणार नाही.

त्या सांजची बातमी अशी होती, की विजेचं जे नवीन मीटर बसवून राहिले आहेत त्याच्यातून लहरी निघतात, त्या भिंतीच्या आरपार जातात, आणि त्या भिंतीकडे डोकं करून झोपणाऱ्याचं हृदय झोपेतच बंद पडतं. खाली लिहिलं होतं, जीव वाचवायचा असेल तर दहा ग्रुपवर पाठवा. तिनं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मग मान वळवून आमच्या भिंतीकडे पाहिलं. ते मीटर तिथंच होतं. जुनं मीटर जळालं तेव्हा लाईनमननं नवीनच आणून लावलं, तिनं लावू दिलं. आमच्या गल्लीत ते पहिलं.

"ऐकता काय," ती म्हणाली, "तुमचं डोकं कोणत्या भिंतीले असते?"

"याच भिंतीले."

"मंग तुमाले अजून काही झालं काऊन नाही?"

"माह्या डोक्यात लहरीले काही सापडलं नसंल."

ती हसली. हसताना तिला धाप लागली, छातीवर हात ठेवून थोडी थांबली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. सोल्यांची भाजी केली, भाकरी केली, जेवलो. सकाळी मी उठलो तर ती उठली नव्हती. आयुष्यात ती माझ्यामागून कधी उठली नाही, म्हणून मला हाक मारायच्या आधीच कळलं. तरी हाक मारली.

ती कशानं गेली ते मला माहीत होतं. दोन वर्षांमागं खामगावच्या डॉक्टरनं तिच्या छातीचा फोटो काढून पाहिला होता आणि सांगितलं होतं, की हृदय थकलं, त्याचा जोर कमी झाला, गोळ्या बंद करायच्या नाहीत, ओझं उचलायचं नाही. घरी येताना बसमध्ये तिनं मला समजावलं, "मोटार जुनी झाली. फिरते, पण पाणी वरपर्यंत चढत नाही." मला डॉक्टरचं बोलणं कळलं नव्हतं, तिचं कळलं. आणि तिनं बजावलं, की गावात कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की लोक येऊन बसतात, चहा पितात आणि कोण कोण हृदयानं गेलं त्याची यादी ऐकवतात. पोराला आणि पोरीला सांगितलं होतं. पोरगा बुलढाण्याला एका कचेरीत कारकून आहे. पोरगी जळगाव जामोदला दिली आहे. बाकी गावाला ठाऊक नव्हतं, आणि सगळा घोळ तिथून झाला.

आमचं गाव पिंपळगाव राजापासून जवळ. गावात बातमी कशी चालते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्टँडवर एका पोराचं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, आधार, सगळं तो काढून देतो. गावचा ग्रुपही त्यानंच काढला. पोरगा वाईट नाही, अडलं-नडलं काम करतो, पण आलं ते पुढं ढकलायचं एवढंच त्याला माहीत. वावरात सौर पंप आले तेव्हा त्यानं टाकलं, की त्या पाट्या उन्हातली ताकद ओढून घेतात आणि आजूबाजूच्या पिकात दाणा भरत नाही. झालं. दोघा भावांत बांधावरून आधीच वाद होता, त्यात हे नवीन कलम लागलं. चंद्रावर आपलं यान उतरलं तेव्हा ग्रामपंचायतीसमोर मोठा टीव्ही लावला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि घरी जाता जाता एक बुढा म्हणाला की तिथं पाणी शोधून राहिले म्हणे, सापडलं तर आमच्या नळालेही कळवा. सांजच्याला आभाळात एकामागं एक दिव्यांची रांग गेली तेव्हा अर्धं गाव म्हणालं लढाई लागली आणि अर्धं म्हणालं देवाची पालखी. इंटरनेट देणारे ते उपग्रह होते हे तिनं वाचून सांगितलं. पालखीवाल्यांना ते आवडलं नाही.

तिचं एक होतं, बातमी खालपर्यंत वाचायची. कोणी सांगितलं, कुठं घडलं, कधीचं, हे पाहायची. बाया तिला विचारायला यायच्या, हे खरं काय म्हणून. दुकानवाल्या पोराला ती एकदा म्हणाली, की बाबू, पाठवण्याआधी वाचत तरी जा. तो म्हणाला, "काकू, मी पोस्टमन आहो. पत्र वाचायचं काम माह्यं नाही." ती म्हणाली, "पोस्टमन पत्ता तरी पाह्यते." तेव्हापासून तो तिला भ्यायचा, आणि तिची चाहूल लागली की मोबाइल उलटा ठेवायचा.

ती गेल्यावर लोक बसायला आले. आपल्याकडे बसायला येणारा माणूस आधी रडतो, मग कसं झालं ते विचारतो. मी म्हणायचो, झोपेतच गेली. हे ऐकलं की त्याची नजर भिंतीवर जायची. पहिल्या दिवशी मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी एका बाईनं सरळ विचारलं, "डोकं कोण्या अंगानं होतं बुढीचं?" मी खरं ते सांगितलं. ती बाई सरकून बसली, मीटरपासून लांब.

मी त्याच वेळी तोंड उघडायला पाहिजे होतं असं कोणी म्हणेल. पण घरात माणूस गेलेलं असलं की कानावर पडलेलं आत पोचत नाही. शिवाय तिनं सांगू नका म्हटलं होतं. ती गेल्यावर ते बंधन सुटलं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं.

माझा एक दोस्त आहे, लहानपणापासूनचा. गुरं आम्ही दोघांनी मिळून राखली. तो रोज यायचा, न बोलता बसायचा, ते मला बरं वाटायचं. त्याच्याही भिंतीवर मीटर नवीनच लागलेलं. आमच्यानंतर पंधरवड्यानं लागलं. एक दिवस जाताना तो म्हणाला, "खाट फिरवून टाकली बे मी. तुही वहिनी आता दुसऱ्या भिंतीले डोकं करते." मी मान हलवली. मग माझ्या डोक्यात आलं, की त्याची बायको गेल्या दिवाळीपासून दोन पायऱ्या चढली की खाली बसते. मी विचारलं, तिला धाप लागते ती कमी झाली काय. तो म्हणाला, "मीटर लागल्यापासूनच वाढली होती. आता खाट फिरवली ना, निंघून जाईन हळूहळू." मी विचारलं, दवाखान्यात नेलं काय. तो म्हणाला, मीटरचं औषध दवाखान्यात कुठून आलं.

मी तेव्हाही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दहावा होता.

दहावा नदीवर केला. पोरानं डोक्याचे केस काढले, पिंड मांडला, बाजूला पानावर तिच्या आवडीचं ठेवलं: भजी, शेवया, कळण्याची भाकर आणि ठेचा. सगळे मागं सरकून उभे राहिले. कावळे बाभळीवर होते, पण खाली येईनात.

हे आमच्याकडं नेहमीचं आहे. कावळा शिवत नाही म्हणजे जाणाऱ्याच्या मनात काही राहिलं, असं धरतात, आणि घरचे एकेक पुढं होऊन वचन देतात. पोरगी पुढं झाली, म्हणाली आई, मी बाबांकडे दर महिन्याला येईन. कावळा आला नाही. मी पुढं झालो, म्हणालो बीपीच्या गोळ्या टायमावर घेईन, भांडणार नाही. तरी नाही. मागं बोलणं सुरू झालं होतं. एक जण म्हणाला, मोबाइलचा टावर उभा राहिला तेव्हापासून कावळेच कमी झाले. दुसरा म्हणाला, कमी कुठं, ते काय बसले झाडावर सहा-सात. पहिला म्हणाला, बसले आहेत पण टावरनं त्यांचं डोकं चालत नाही. महाराजांनी दर्भ हातात घेतला. कावळा येतच नसला तर दर्भाचा कावळा करून शिवतात.

पाच-सहा जणांनी मोबाइल वर धरले होते. आता प्रत्येक कार्याचा व्हिडिओ काढतात, दहाव्याचाही. माझा दोस्त पोराजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "मीटरचं बोल बे. तेच राह्यलं असंल तिच्या मनात."

पोरगा आई गेल्यापासून बोललाच नव्हता. विचारलं तेवढ्याला हो-नाही. तो पुढं झाला आणि एकदम मोठ्यानं म्हणाला, "आई, मीटर काढून टाकतो." आणि रडायला लागला. सगळ्यांनी हात जोडले. हात जोडले म्हणजे मोबाइल खाली गेले. दुकानवाल्या पोराचा तेवढा गेला नाही, तो मागं झाडाआड उभा होता. एक कावळा उतरला, भजं उचललं, मग दुसरा उतरला.

खरं सांगतो, कावळा उतरला तेव्हा मलाही सुटल्यासारखं झालं. मीटरचं काय बोलला, ते त्या वेळी मनात आलंही नाही. ती गेली, खाऊन गेली, एवढंच वाटलं.

आम्ही नदीवरून घरी येईपर्यंत तो व्हिडिओ गावाच्या पुढं निघून गेला होता. वर लिहिलं होतं, मीटरनं घेतला बळी, कावळ्यानं दिली साक्ष. दुपारी पोरीच्या सासरहून फोन आला, जळगाव जामोदला त्यांनी पाहिला. पोराच्या कचेरीतून फोन आला, बुलढाण्याला पोचला. तिचा फोटोही लावला होता, नातवाच्या बारशातला, नवीन लुगड्यातला. सांजच्याला मी पाण्याची गुंडी घेऊन नळावर गेलो. तिथं खालच्या आळीतल्या दोन बाया बोलत होत्या. एकीनं विचारलं, कोणती बुढी. दुसरी म्हणाली, "ते नाही काय, मीटरनं मेली ते."

मी गुंडी तशीच घेऊन परत आलो. चाळीसच्या वर वर्षं ती या गावात राहिली. लोक तिला वाचणारी बाई म्हणायचे. खोटी बातमी आली की तिच्याकडे यायचे. आता तीच खोटी बातमी झाली, आणि ती खरी की खोटी हे विचारायला गावात कोणी उरलं नाही.

घरी पाहतो तर ओट्यावर माणसं. दुकानवाला पोरगा म्हणाला, की काका, उद्या सकाळी खामगावहून एक चॅनलवाला येतो आहे, मोबाइलवर बातम्या देतो तो, त्याला तुमची मुलाखत पाहिजे. तुम्ही फक्त सांगायचं की मीटर लागलं आणि बायको गेली. बाकी गावात अजून मीटर लागायचे आहेत, तुम्ही बोलले तर ते थांबतील. बाकीचे म्हणाले, हाव, गावाचं भलं होईल, बुढीचा जीव वाया जाणार नाही. बोलणारे सगळे रोजच्या ओळखीचे होते. तिला खांदा देणारे होते. कोणाच्या मनात पाप नव्हतं. मीटर लागल्यावर बिल वाढेल ही भीती त्यांना होती, आणि ती भीती मलाही होती.

दोस्त म्हणाला, "तुले काय बोलायचं आहे? नुसतं हो म्हण."

मी म्हणालो, सकाळी पाहू. माणसं उठून गेली.

पोरगा आतून पेचकस घेऊन आला आणि मीटरखाली उभा राहिला. कचेरीत काम करणारा पोरगा, मीटरला हात लावला तर काय होतं ते त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी म्हणालो, खाली ठेव ते.

"बाबा, वचन देल्लं मी. कावळा शिवला."

"तिनं मागितलं होतं काय ते?"

मी त्याला शेंगा सोलतानाचं सांगितलं. ती बातमी तिनं कशी वाचली, भिंतीकडे कशी पाहिली, काय बोलली, कशी हसली. मी म्हणालो, "ज्या गोष्टीले ते हसली, तेच तुमी तिच्या माथी मारून राह्यले. तुले माहीत आहे ते कशानं गेली."

"माहीत आहे," तो म्हणाला. मग त्यानं पेचकसकडे पाहिलं. "मंग कावळा काऊन आला, बाबा?"

"भूक लागली असंल."

हे मी बोलायला नको होतं. त्याचं तोंड पडलं. माझी जीभ अशीच आहे, ती असती तर तिनं मला डोळ्यानं दटावलं असतं. मी म्हणालो, "दहा दिवस तू बोलला नाही. आज बोलला. त्याच्यासाठी आली असंल. मीटरसाठी नाही."

त्यानं पेचकस कोनाड्यात ठेवला आणि आत जाऊन झोपला. ते खरं की खोटं मला सांगता येत नाही. कावळ्याच्या मनात काय होतं ते कोणाला ठाऊक. पण त्याला मी जे बोललो ते मला पटलं होतं, आणि मीटरचं पटत नव्हतं.

मला खरी काळजी वेगळीच लागली होती. माझ्या बायकोचं तर होऊन गेलं. उद्या मी त्या चॅनलवाल्यापुढं हो म्हणालो, तर माझा दोस्त आपल्या बायकोची खाट या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरवत बसेल आणि तिचा दवाखाना राहून जाईल. त्याच्या घरात धाप लागते ती आमच्या घरात दोन वर्षं लागत होती. तिचा आवाज मी ओळखतो. आणि गोळ्या होत्या म्हणून आमच्या घरात दोन वर्षं तरी मिळाली.

सकाळी उठलो, तोंड धुतलं, आणि तिचा मोबाइल घेऊन ओट्यावर बसलो. माझ्याकडे आहे तो साधा, बटणांचा. तिच्या मोबाइलात ग्रुप आहे. मोबाइलवर लिहिता मला येत नाही, पण त्यात एक माइकचं चिन्ह असतं, ते दाबून धरून बोललं की आवाज जातो, हे ती करायची ते मी पाहिलं होतं. दाबलं. बोलायच्या आधी घसा साफ केला, आणि बोट निसटलं. गेलं ते तेवढंच.

माझ्या ध्यानात आलं नाही की नंबर तिचा आहे. सगळ्यांच्या मोबाइलवर तिचं नाव उठलं आणि त्याखाली एक खाकरणं ऐकू आलं. समोरच्या घरात काहीतरी पितळेचं पडलं. गल्लीच्या टोकाला कोणीतरी देवाचं नाव घेतलं. आमच्या पोरीनं आतून धावत येऊन माझ्या हातात मोबाइल पाहिला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, काय करून राह्यले तुमी? लोक मरतीन भेवानं." मी म्हणालो, दाबून धर इथं, मला धरवत नाही. तिनं धरलं. मी बोललो.

"मी बोलून राह्यलो, ते नाही. भेऊ नका. फोन तिचा आहे. माही बायको हृदयाच्या दुखण्यानं गेली. दोन वर्षापासून तिले ते होतं. खामगावच्या डाक्टरनं सांगतलं होतं, गोळ्या चालू होत्या. तिनं कोणाले सांगू नका म्हणलं, म्हणून सांगतलं नाही. मीटरची ते बातमी तिनं आदल्या सांजीले वाचली अन् हसली. मीटर वाईट असंल त भांडा, मी बी येतो भांडाले. पण तिचं नाव घेऊन नाही. ज्याच्या घरी कोणाले धाप लागत असंल त्यानं खाट फिरवू नका, माणसाले दवाखान्यात न्या. मीटरनं मेली हे जिथं जिथं पाठवलं, तिथं तिथं हे बी पाठवजा."

पोरीनं बोट काढलं. मोबाइल लगेच वाजायला लागला, मी तो तिच्याकडेच दिला. थोड्या वेळानं दुकानवाला पोरगा आला, ओट्याखालीच उभा राहिला. चॅनलवाल्याला येऊ नको म्हणून फोन केला असं त्यानं सांगितलं. व्हिडिओ ग्रुपवरून काढला, पण पुढं गेला तो परत येत नाही, असंही म्हणाला. मी म्हणालो, ठीक आहे. त्यानं विचारलं, "काका, काकूनं खरंच वाचली होती ते? मी टाकली होती ते." मी हो म्हणालो. तो दुकान उघडायला गेला.

मी धोतर बदललं, टोपी घातली. पोरगी म्हणाली, तेरवी व्हायची आहे, वेशीबाहेर जाऊ नका, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, लोक दहा दिवसांपासून म्हणूनच राह्यले. पोरगा उठून दारात आला होता. माझी काठी त्यानं कोपऱ्यातून काढून दिली.

दोस्ताच्या घरी गेलो. तो रागात होता. सगळ्या गावासमोर त्याला खोटं पाडलं, असं त्याचं म्हणणं. खाट फिरवू नका हा टोमणा त्यालाच मारला होता, असंही म्हणाला. मी म्हणालो, हाव, तुलेच मारला. वहिनी चुलीपुढं बसली होती. मी तिला विचारलं, की उताणं झोपलं की जीव घाबरतो काय, पायाला सूज येते काय, सांजच्याला चप्पल घट्ट होते काय. हे सगळं मला डॉक्टरनं नाही सांगितलं, आमच्या घरात मी पाहिलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि मग पाय पुढं केला. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

दोस्तानं तो खड्डा पाहिला. मग उठून त्यानं खुंटीवरची बंडी काढली.

आम्ही तिघं फाट्यावर गेलो. वहिनीला हळूहळू चालवलं, मध्ये दोनदा बसवलं. फाट्यावरच्या लोकांनी मला पाहून आपसात काही म्हटलं, मी लक्ष दिलं नाही. खामगावची बस आली, गर्दी होती, कंडक्टरनं वहिनीला पुढं जागा करून दिली. आम्ही दोघं दांडा धरून उभे राहिलो.

दोस्त माझ्याकडे न पाहता म्हणाला, "काही निंघालं नाही, त पाह्यजो मंग."

मी म्हणालो, "निंघालं नाही त बरंच आहे."

बस निघाली. त्यानं एका हातानं दांडा धरला होता आणि दुसरा हात बायकोच्या सीटच्या पाठीवर ठेवला होता.